जिना कोणी झाडला?

तारीख महिन्याची सात, वार रविवार. रक्कम तीन हजार पाचशे वीस रुपये. हजर: सोसायटीचे अध्यक्ष म्हात्रेशेठ, खजिनदार म्हणून मी, जिने झाडणाऱ्या बारकूबाई आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आपटेकर मॅडम. मॅडमना कोणी बोलावलं नव्हतं.

प्रा. रिव्का आपटेकर लॉ कॉलेजात मानवी हक्क शिकवत. त्या कोकणातल्या ज्यू; नातलग एकेक करून इस्रायलला गेले, त्या पनवेलातच राहिल्या. माणसाची ओळख यंत्र ठरवू लागलं तर कायद्याने काय करावं, यावर त्या लिहीत. पहिल्या वर्षाच्या मुलांना मात्र आधी रेशन दुकानाच्या रांगेत किंवा न्हावा शेवा बंदराच्या गेटवर उभं करत. "ज्याचा अंगठा लागला नाही, तो काय बोलला ते लिहून आणा. तुमचं मत नको," असं सांगत. मत लिहिलेला कागद न वाचता परत देत.

सोसायटीत अंगठ्यावर हजेरी घेणारं यंत्र आणण्याचा ठराव माझा होता. वहीत खाडाखोड होते, यंत्रात होत नाही, असं माझं म्हणणं. त्या महिन्यात यंत्राने बारकूबाईंचे अकरा खाडे दाखवले. पगार नऊ हजार सहाशे, म्हणजे दिवसाचे तीनशे वीस. मी अकरा दिवसांचे कापले. हिशेब बरोबर होता.

"मी रोज आली व्हती, साहेब," बारकूबाई म्हणाल्या. "अंगठा नाय उठला त मी काय करू? जलम मिठागरात गेला. बोटांना रेघा हायत कुठं?"

म्हात्रेशेठ हसले. "मॅडम, झाडूचा खटला हायकोर्टात नेणार का?"

"नाही, आधी जिन्यात नेते," मॅडम म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "तुम्ही रोज सकाळी जिन्याने उतरता. त्या अकरा दिवसांत जिना झाडलेला होता का?"

मी यंत्राचा कागद पुढे केला. त्यांनी तो उलटा ठेवला.

"यंत्राने काय पाहिलं ते नको. तुम्ही काय पाहिलं?"

मला खोटं बोलता येत नाही. "झाडलेला होता," मी म्हणालो.

"मग कोणी झाडला?"

म्हात्रेशेठ बारकूबाईंच्या बोटांकडे बघत राहिले. शेठची आईही मिठागरात राबलेली, हे मला नंतर कळलं. "देऊन टाका," ते हळूच म्हणाले.

मी व्हाउचर लिहिलं: 'सोसायटीतर्फे मदत'. मॅडमनी माझं पेन धरलं. "मदत कसली? मजुरी आहे ही. मदत लिहिलीत तर पुढच्या महिन्यात तुम्ही दयाळू असाल की नाही, यावर यांचा पगार ठरेल." मी कागद फाडून दुसरा लिहिला. बारकूबाईंना पैसे मिळाले, यंत्राशेजारी सहीची वहीही आली.

उठताना मॅडमनी विचारलं, "यांच्याआधी किती जणांचे कापलेत?"

"बघून सांगतो," मी म्हणालो. जिन्यात भेटल्या की त्या नुसत्या माझ्याकडे बघत. मी तब्येतीची चौकशी करायचो. तब्येत खरंच बरी नव्हती. शेवटच्या महिन्यात विद्यार्थी घरी येत, त्या पडल्या पडल्या त्यांचे कागद ऐकत आणि मध्येच म्हणत, "हे तुझं मत झालं. पुढे वाच."

त्या गेल्या. दफनाला नात्याचं माणूस एकच होतं, विद्यार्थी साठ-सत्तर. घरी येऊन मी यंत्राच्या पहिल्या महिन्यापासूनचे कागद काढले. जुन्या वॉचमनचे सहा खाडे निघाले. त्या सहाही दिवशी मी दूध आणायला जाताना फाटक त्यानेच उघडलं होतं. मला आठवत होतं. तेव्हाही आठवत होतं.

तो आता बंदराजवळ द्रोणागिरीला एका गोदामावर असतो. मी जाऊन चारशेप्रमाणे सहा दिवसांचे दोन हजार चारशे रुपये त्याच्या हातात दिले. तो न मोजताच खिशात घालू लागला, तेव्हा मी म्हणालो, "मोजून घे. मागच्या वेळी चूक माझीच होती."