मौद्याचे भाऊबंद

हसायचं नाही, असं आधी कबूल करा. नाही करत? बरं, हसा मग!

आमच्या पणजोबांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. का, ते घरात कोणी बोलायचं नाही. ते अंदमानला गेले आणि पणजी तान्ह्या पोराला घेऊन मौद्याहून निघाली. नागपूरला लकडगंजात लाकडाच्या टालीवर राबली, पण गावाचं तोंड पुन्हा पाहिलं नाही. त्यामुळे आम्हाला भाऊबंदच नाहीत!

माझी आत्या आता पंच्याऐंशीची. लहानपणी मला मांडीवर घेऊन म्हणायची, "माह्या लग्नात बापाकडचं एक मानूस नव्हतं वं. मांडव कसा रिकामा वाटे." तिची ती मांडी, त्या मऊ लुगड्याचा वास... आठवलं की अजून गलबलून येतं. तिला एकदा तरी तिची माणसं दाखवायचीच, असं मी ठरवलं.

निवृत्त बाईला वेळच वेळ! सरकारी दप्तरखान्यात खेटे घालून जुन्या निकालाची नक्कल मिळवली. इंग्रजी, तेही मुंग्या चालल्यासारखं! पहिल्याच पानावर पणजोबांचं नाव सापडलं. खाली आणखी एक नाव. आडनाव तेच, गाव तेच. झालं! एक गाव, एक आडनाव, म्हणजे भाऊबंद नाहीत तर कोण? पुढची पानं वाचतंय कोण!

फोनाफोनी करून त्या माणसाच्या नातवाचं, सदाशिवजींचं घर शोधलं. मनीषनगरच्या घरून आत्याला गाडीत घातलं. सोबत शेला, नारळ, पेढे. मौद्याला पोचून "नागपूरचे भाऊबंद आलो," म्हणताच त्यांनी दार सताड उघडलं. आत्या त्यांच्या बायकोच्या गळ्यात पडून अशी रडली, की शेजारणीही डोळे पुसायला लागल्या. लगेच पाटवडी-रश्शाचं जेवण!

जेवता जेवता सदाशिवजींनी विचारलं, "पर कोनाच्या घरचे म्हना तुमी?"

मी मोठ्या अभिमानाने पणजोबांचं नाव सांगितलं.

त्यांचा घास हातातच राहिला. "थो? अवो बाई, माह्या आज्याचं डोकं फोडून बैलजोडी नेली थ्यानं! म्हनून तं काळ्या पान्यावर गेला!"

मी घाईघाईने नक्कल उघडली. पुढच्याच पानावर सगळं लिहिलेलं! ते दुसरं नाव फिर्यादीचं होतं.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. आत्या ताटावरून उठायला लागली. "चाल वं पोरी."

सदाशिवजींच्या बायकोने तिचा हात धरला. "काहून उठता बाई? थ्यानं केलं थे केलं, तुमी काय केलं? येवढ्या वर्सानं माहेरी आल्या, उपाशी जाऊ देईन का?" आणि पेटीतलं कोरं लुगडं काढून आत्याच्या मांडीवर ठेवलं. आत्या पुन्हा रडली. मीही रडले, खोटं कशाला बोलू!

निघताना अंगणात सगळे पोचवायला आले. वातावरण जरा हलकं करावं म्हणून काहीतरी गोड बोलायला गेले. समोर गोठा दिसला आणि तोंडातून निघून गेलं, "अगदी देखणी हो तुमची बैलजोडी!"

सदाशिवजी घराकडे वळून ओरडले, "अवं, गोठ्याले कुलूप लाव आधी!"