टेकाईची खोळ

आमच्या साखरामावशीला कुणी देवभोळी म्हटलं की मला हसू येतं. देवभोळं माणूस देवापुढं हात जोडतं. मावशी देवीशी भांडायची. "इतकं तेल पाजून राह्यले, अन् तू बिलकुल बोलत न्हाईस," असं तिला खडसावताना मी माझ्या कानांनी ऐकलंय.

टेंभुर्णीच्या पलीकडं माळावर आमची वस्ती. आमच्या आज्या-पणज्यांच्या मेंढ्या जिथं बसल्या तिथंच माणसंही बसली. उंचवट्यावर टेकाईचं देऊळ. देऊळ कसलं, तीन भिंती आणि वर पत्रा. देवीला शेंदूर लावायचा मान मावशीच्या सासरचा. नवरा लवकर गेला, पोटी मूल नाही, तेव्हा तो मान तिच्याकडं आला. दर अमावस्येला तेलात कालवलेला शेंदूर ती हातानं थापायची. पिढ्यानपिढ्या थापून देवीचा पार गोळा झाला होता. चांदीचे दोन डोळे चिकटवलेले, म्हणून पुढची बाजू कळायची एवढंच. आत काय आहे ते कुणी पाहिलं नव्हतं. थर फार झाला की देवी आपण होऊन शेंदराची ही खोळ सोडते, माणसानं ती उतरवायची नसते, असा नियम. मावशी नांदायला आल्यापासून तरी देवीनं ती सोडली नव्हती.

जालना जिल्हा वेगळा झाल्यावर दोनेक वर्षांनी, एका पौषात, मावशी देवळात गेली तर ओट्यावर नुसती खोळ. पुढची बाजू अख्खी आणि आतून पोकळ, टरबुजाच्या सालीसारखी. दगड गायब. ओट्यावर पहारीचे घाव, बाहेर जीपच्या चाकोऱ्या. शेंबड्या पोरालाही कळलं असतं, पण आमच्या गावाला कळलं नाही. सरपंच काकासाहेबांनी निकाल दिला, "देवी भूमीत गेली, खोळ आपल्याला ठेवून गेली. चोरीचं नाव काढायचं न्हाई. देवी कुठं चोरीला जाती का?" गावानं माना डोलावल्या. देवी सांभाळता आली नाही असं गाव म्हटल्यावर सोयरीक करायला तरी कोण आलं असतं! मावशी एकटी ओरडत राहिली, "आरं, नेली रे तिला!" बाईमाणसाचं कोण ऐकतो? ठाण्यावर कुणी गेलं नाही.

खोळ परत उभी केली, तिलाच हळदकुंकू सुरू झालं. पण उन्हाळ्यात ती मऊ पडायची, मागून उंदीर शिरायचे. मावशीला ते बघवेना. कुणाच्या तरी घराचं उरलेलं सिमेंट तिनं मागून आणलं आणि रायभान गवंड्याकडून आत ओतून घेतलं. खोळ पक्की झाली. गावानं मावशीला आयुष्यात एकदाच शाबासकी दिली, ती या कामाबद्दल.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी पुरातत्त्वाचे एक साहेब गावात आले. मी तेव्हा जालन्याला बियाण्यांच्या कंपनीत कारकून होतो, त्या दिवशी नेमका वस्तीवर होतो. साहेबांनी पारावर बसून पिशवीतून एक मोठा फोटो बाहेर काढला. परदेशात आशियातल्या कलेचं एक राष्ट्रीय संग्रहालय आहे, ही मूर्ती तिथं काचेत उभी आहे, म्हणाले. विकणारा एवढंच बोलला होता की टेंभुर्णीच्या बाजूची आहे. चार हात, कमरेत वाकलेली, पायाखाली रेडा, खालचा डावा पंजा मोडका, ओठांवर बारीक हसू.

काकासाहेबांनी चष्मा लावून पाहिलं. "ही आमची न्हाई. आमची अंगानं भरलेली हाये. हिला तर कंबर हाये."

सगळे हसले. मावशी हसली नाही. फोटोतल्या मूर्तीच्या पोटावर बोट टेकवून म्हणाली, "इथं उंची बराबर येती. बया, आम्ही तुझे डोळे पोटावर लावत गेलो गं!" आणि ती रडायला लागली. मावशीला रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

साहेबांनी समजावलं. संग्रहालयाचा आधीचा संचालक दाद देत नव्हता. विकत घेतली, आमची झाली, एवढंच उत्तर. आता एक बाई संचालक झाल्या होत्या. पुरावा द्या, देवी नेऊन पोचवते, असं त्यांनी कळवलं होतं.

"म्हंजी तिथली सरपंचीण चांगली हाये," मावशीनं डोळे पुसले.

"जुना फोटो आहे?" साहेबांनी विचारलं. नव्हता. "पोलिसांत तक्रार?" काकासाहेब आपल्या वहाणांकडं बघायला लागले. मग साहेबांना खोळीचं कळलं आणि ते उठलेच. खोळीच्या आत मूर्तीचा ठसा असणार, याहून पक्का पुरावा नाही! आम्ही देवळात गेलो. मागून बघितलं तर सिमेंट. साहेबांनी कपाळाला हात लावला. मावशीचं तोंड काळवंडलं. पण थोड्या वेळानं साहेबच म्हणाले, "थांबा. ठशातच ओतलंय ना? मग आतलं सिमेंट हुबेहूब तिच्यासारखं असणार. खोळ तेवढी काढा."

"खोळ हातानं काढायची न्हाई," काकासाहेब म्हणाले. मी म्हटलं, मरू द्या, मी काढतो छिन्नीनं. तर मावशीच माझ्या अंगावर आली, "तिची कातडी सोलतो का रे? ती सोडील तवा सोडील!" मला असा संताप आला की जेवणही न करता मी जालन्याची गाडी धरली. देवीला परत आणायची म्हणून हीच बाई रडणार, आणि हीच आडवी येणार.

मावशीनं मात्र आपल्या परीनं वाट काढली. थर जड झाला की खोळ सुटते ना? मग ती अमावस्येची वाट बघेना. सुचेल तेव्हा शेंदूर थापायला लागली. गाव म्हणायचं, साखराबाईची भक्ती वाढली. मी भेटलो की तिचा एकच प्रश्न, "सरपंचीण हाये ना रे अजून?" मी साहेबांना फोन करायचो. ते म्हणायचे, आहेत, पण मुदत संपत आलीय, जरा घाई करा. आता घाई कुणाला करायला सांगू? देवीला?

अखेर एका चैत्रात भर दुपारी खोळ धाडकन खाली आली. मी गेलो तेव्हा सगळं गाव देवळात होतं. ओट्यावर सिमेंटची टेकाई उभी. चार हात, वाकलेली कंबर, रेडा, मोडका पंजा. हसूसुद्धा तेच. काकासाहेबांनी टोपी काढली. साहेबांनी येऊन फोटो घेतले, पाठवले. देवीची मिरवणूक कुठून काढायची यावर गावात भांडणंही सुरू झाली.

उत्तर साहेबांनी मला फोनवर सांगितलं. बाई निवृत्त झाल्या होत्या. नवा संचालक म्हणत होता, तुमच्या गावाला आमचा फोटो आधीच दाखवलेला होता, त्यावरून कुणीही गवंडी अशी मूर्ती घडवील. प्रकरण बंद. अहो, त्या रायभानला सरळ भिंत बांधता येत नव्हती, तो असलं हसू घडवणार! मी फोनवर वाट्टेल ते बोललो. ऐकणारे साहेब बिचारे आमच्याच बाजूचे होते. सरपंच बदलला की आधीच्याची कामं बंद, हे फक्त आपल्याकडं होतं असं मला वाटायचं.

मावशीला सांगायला मी वस्तीवर गेलो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "काचेत तेलपाणी कोण करतं रे तिचं?"

पुढच्या अमावस्येला मी मुद्दाम गेलो. बाया आरतीला जमलेल्या. काकासाहेबांनी शेंदराची वाटी पुढं केली, "चल साखरा, देवी उघडी हाये."

मावशीनं वाटी घेतली आणि खाली ठेवली. पदरानं सिमेंटच्या तोंडावरची धूळ पुसली.

"हिला शेंदूर लावायचा न्हाई," ती म्हणाली. "उद्या हिलाही कोणी नेली, तर तोंड तरी वळखू येऊ द्या."