डॉक्टर नंबर दोन

फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून डबा खात होते. मनोहरकाका गेले... मी आधी डबा संपवला. रडू आलंच नाही. तीन महिने हॉस्पिटलच्या फेऱ्या मारून माणूस पार पिळून निघतो.

काका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. मी नोकरीसाठी लॉस एंजेलिसला आले ती त्यांच्याकडे उतरले आणि तिथेच राहिले. तीस वर्षं त्यांनी अमेरिकन सिनेमात आणि टीव्हीवर कामं केली. तुम्ही त्यांना पाहिलं असेल, नाव मात्र ठाऊक नसणार. कधी दुकानदार, कधी टॅक्सीवाला. दोन हजार एकनंतर बॉम्बवाल्यांच्या भूमिका चालून आल्या, त्या त्यांनी सरळ नाकारल्या आणि डॉक्टरवर भागवलं. शेवटी येणाऱ्या नावांच्या पाट्यांमध्ये ‘डॉक्टर नंबर दोन’. स्वतःचा पांढरा कोट इस्त्री करून स्वयंपाकघराच्या दारामागे कायम तयार. त्यांचा भाग टीव्हीवर लागणार असला की इथल्या महाराष्ट्र मंडळाची माणसं घरी जमायची, आणि नेमकं त्यांच्या वाक्याला कुणीतरी विचारायचं, "चहा कोण कोण घेणार?"

तालमीला समोर मी. नर्स, पोलीस, पेशंटची बायको, सगळ्यांची वाक्यं मी वाचायची. "डॉक्टर खरं बोलतो तेव्हा माणसाकडे बघतो," काका सांगायचे, "आणि खोटा धीर देताना फायलीकडे. बघत जा."

मग एकदाची नाव असलेली भूमिका मिळाली. चांगले चार प्रसंग. शूटिंग नेमकं काकांच्या बायॉप्सीच्या दिवशी.

"कॅन्सल कर ग," काका म्हणाले. "त्या दिवशी मीच डॉक्टर आहे."

मी हसले आणि हॉस्पिटलला फोन केला. घरातले असले फोन मीच करायचे. पुढची तारीख पाच आठवड्यांनंतरची मिळाली, तीही मीच कॅलेंडरवर लिहिली. निदान झालं तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, "आधी कळलं असतं तरी फरक पडला नसता." त्या फाईल चाळत होत्या. डॉक्टर फाईल चाळणारच, अशी मी स्वतःची समजूत घातली...

गेल्या आठवड्यात तो भाग लागला. मंडळात कुणाला कळवलं नाही. चहा करायचं त्राण नव्हतं. काका त्याच कोटात, समोर नुकताच नवरा गेलेली बाई. तिची वाक्यं मला अजून पाठ आहेत. ती विचारते, मी उशीर केला का? काका म्हणतात, "लवकर आणलं असतंत तरी काही फरक पडला नसता." आणि हळूच फायलीकडे बघतात. फार सुंदर काम केलंय. मला ते बघवलं नाही.

कोट अजून दारामागेच आहे. दार लावताना बाही हाताला लागते, आणि मग दिवसभर एकच गोष्ट डोक्यात राहते. शेवटच्या आठवड्यात काका मला म्हणाले होते, "तू फोन केलास म्हणून काही बिघडलं नाही ग." तेव्हा ते कुठे बघत होते, मला माहीत नाही. मी खाली वाकून त्यांची चादर नीट करत होते.