सगळ्यांना फाईव्ह नाईन

हॅम लोकांइतके खोटारडे लोक मी कुठेच पाहिले नाहीत, आणि मी लालबागला एका वधू-वर सूचक मंडळाच्या समोर राहते. हॅम म्हणजे सरकारी परीक्षा देऊन, परवाना काढून, निव्वळ हौसेखातर बिनतारी सेटवर बोलणारी माणसं. मीही त्यांच्यातलीच एक, म्हणून हक्काने सांगते.

या हौसेतला पहिला शिष्टाचार असा की समोरच्याचा आवाज आपल्याकडे कसा पोचला ते त्याला दोन आकड्यांत सांगायचं. पहिला आकडा शब्द किती कळले याचा, तो पाचापर्यंत. दुसरा आवाज किती जोरात आला याचा, तो नवापर्यंत. टू थ्री म्हणजे कसंबसं कळलं, आणि फाईव्ह नाईन म्हणजे जणू तू माझ्या शेजारी बसून बोलतोयस. हे ऐकून माणसाने आपली अँटेना हलवावी, वायर तपासावी, जोडणी सुधारावी अशी अपेक्षा. पण आमच्या सकाळच्या गप्पांच्या फेरीत सगळे सगळ्यांना फाईव्ह नाईन वाटतात, हळदीकुंकवाच्या वाणासारखे. गिरगावचे एक काका मला रोज फाईव्ह नाईन द्यायचे आणि लगेच विचारायचे, "सॉरी हां, आपण कोण बोलताय?"

एकदा वैतागून मी बटण दाबलं आणि सांगितलं की आज पहाटे आमच्या गच्चीवरून हत्ती खाली पडला. पलीकडून प्रसन्न आवाजात उत्तर आलं, "वा वा, बहोत बढिया, फाईव्ह नाईन." त्या दिवशी मला फाईव्ह नाईनचा खरा अर्थ कळला. मी तुमचं काही ऐकलेलं नाही, पण तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.

बरं, बोलतात तरी काय? सेट कुठला, अँटेना कुठली, चहा झाला का. पृथ्वीच्या पाठीवर कुठेही पोचता येईल असं यंत्र हातात, आणि चौकशी चहाची. दादरला कधीतरी सगळे भेटतात, तेव्हा एकमेकांच्या सेटकडे असे बघतात की घरी बायकोकडे तसं बघितलं असतं तर चार शब्द तिथेही बोलून झाले असते. विसर्जनाला यांना भारी स्फुरण चढतं. चमकणारी जाकिटं घालून लालबागच्या नाक्यावर उभे राहतात, मोबाइल बंद पडले तर निरोप आम्हीच पोचवणार म्हणतात, आणि मोबाइलवर एकमेकांचे फोटो काढतात.

या सगळ्यांत फाईव्ह नाईन न देणारा एकच माणूस होता, माझे वडील. आप्पा गिरणीत इलेक्ट्रिक खात्यात होते. गिरणी गेल्यावर परळच्या चाळीत गॅलरीत टेबल टाकून लोकांचे रेडिओ दुरुस्त करायचे. हॅमचा परवाना त्यांनी त्याच टेबलावर अभ्यास करून काढला. क्लबातल्या एका बड्या असामीने परदेशातून सेट मागवला आणि फेरीत सगळ्यांकडून वाहवा गोळा केली. आप्पांची पाळी आली. "थ्री फोर," आप्पा म्हणाले. "आवाज रांजणातून येतोय." ती असामी त्यानंतर बरेच दिवस फिरकली नाही.

आप्पा बोलणं सुरू करताना जय भीम म्हणत आणि संपवतानाही. एकाने त्यांना समजावलं की हवेत राजकारण आणू नये, नियम आहे. हाच गृहस्थ रोज मोरया म्हणून सेट बंद करायचा. आप्पा म्हणाले, "माझा जय भीम तुम्हाला नीट ऐकू आला ना? मग रिपोर्ट द्या." त्याने मुकाट फाईव्ह नाईन दिला.

मला परवाना मिळाला तेव्हा पहिला रिपोर्ट आप्पांकडूनच मागितला. "टू थ्री. तोंडात सुपारी धरलीयस का गं?" मला रडू आलं. मग रागारागाने गच्चीवर गेले, सगळ्या जोडांना पुन्हा डाग दिला, अँटेना उंच केली. असं करत करत फोर सेव्हनपर्यंत पोचले. त्यापुढे आप्पांनी कधी जाऊ दिलं नाही. दहावीच्या मार्कांचा मला झाला नव्हता एवढा आनंद त्या फोर सेव्हनचा झाला.

आई गेल्यावर आप्पा माहीमला ताईकडे राहायला गेले, सेट घेऊन. गेल्या वर्षापासून ताईचं सुरू झालं की त्यांना ऐकू येत नाही. दाराची बेल कळत नाही, कुकरच्या शिट्ट्या कळत नाहीत. कानाचं यंत्र आणलं तर लावत नाहीत, लोकच पुटपुटतात म्हणतात. "त्या खोक्यासमोर बसून सकाळी नुसते ओरडतात," ताई फोनवर म्हणाली. "शेजारचे बोलायला लागलेत. मी तो माळ्यावर टाकते."

मी तिला फाडकन उत्तर दिलं. जिला रेडिओ आणि मिक्सर यांतला फरक कळत नाही तिने आप्पांच्या कानांबद्दल बोलू नये. रोज सकाळी फेरी आटपली की मी त्यांना हाक मारते आणि रोज ते मला फोर सेव्हन देतात. कित्येक महिन्यांत एक आकडा इकडचा तिकडे झालेला नाही. बहिऱ्या माणसाला हे जमेल?

"बरं," ताई म्हणाली. "तू उद्या त्यांच्याशी नीट बोल आणि मला सांग. तुझी खात्री असेल तर राहू दे."

त्याच दिवशी आमच्या सोसायटीने गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम काढलं आणि मला न विचारता माझी अँटेना उतरवून जिन्याखाली टाकली. सेक्रेटरींना विचारलं तर म्हणाले, "आता केबल कोण बघतं, मॅडम?" या माणसाला अकरा जन्म समजावलं तरी कळणार नाही, म्हणून मी परत फिरले.

दुसऱ्या दिवशी हातातला छोटा सेट घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहिले. त्याची अँटेना बोटभर, आणि समोर नवा टॉवर भिंतीसारखा. फेरीत अर्थातच फाईव्ह नाईन मिळाले. मी मात्र आप्पांच्या शिव्यांची वाट बघत होते. टू टू देतील, बादलीत बसून बोलतेस का विचारतील, म्हणजे ताईचं तोंड बंद.

मी हाक मारली. आप्पांचा खणखणीत आवाज आला, "जय भीम. फोर सेव्हन. कालच्यासारखाच."

मी खिडकीची चौकट धरली. मग बटण दाबून अगदी सावकाश विचारलं, "आप्पा, सकाळी काय खाल्लंत?"

मी पुन्हा बटण दाबलं.

"आप्पा, न्याहारीला काय होतं?"

त्यांच्या सेटवर कुणाचाही सिग्नल आला की हिरवा दिवा लागतो. तो दिवा मीच त्यांना बदलून दिला होता. आत्ता तो लागला असणार, विझला असणार, आणि लेक काहीतरी बोलली एवढं त्यांना त्यावरून कळलं असणार. इतके महिने ते त्या दिव्याशीच बोलत होते.

मग ते बोलले, कधी नव्हे एवढ्या हळू आवाजात. "फाईव्ह नाईन, बाळा. फाईव्ह नाईन."

दिवा लागायला हवा म्हणून मी बटण दाबलं आणि म्हटलं, "तुम्हीपण फाईव्ह नाईन, आप्पा. जय भीम."

संध्याकाळी ताईचा फोन आला. "बोललीस? खरं सांग, ऐकू येतं का त्यांना?"

"फाईव्ह नाईन," मी म्हटलं.

"म्हणजे काय गं?"

"म्हणजे सेट टेबलावरच राहू दे."