उखळात कुटलेली चटणी

सकाळी सून चटणीसाठी शेंगदाणे भाजत होती. त्या वासाने पन्नास वर्षांपूर्वीचं आमचं महिला मंडळ आठवलं.

चटणीची स्पर्धा होती. ताटल्यांवर नावं नव्हती. मी तेल सुटेपर्यंत उखळात कुटलेली चटणी चाखून अध्यक्षबाईंनी विचारलं, "ही कुणाची गं?"

शेजारच्या विमलने मला कोपराने ढोसलं. "सांग की, तुजीच हाय न्हवं?"

एवढ्या बायकांत बोलायचं म्हणून माझी मान खाली गेली, ती वर आलीच नाही. मग विमलच उठली. "माजी हाय, बाई!"

टाळ्या पडल्या. बक्षिसाचा स्टीलचा डबा तिच्या घरी गेला. त्या डब्यावर मी कित्येक वर्षं जळले. आता डब्याचं काही वाटत नाही. पण खोटं असून तिला "माजी" म्हणता आलं, खरं असून मला आलं नाही. तो हेवा अजून जात नाही.