अर्ध्या दिवसाचा गणपती

आमच्या घरच्या गणपतीला काही वर्षं विकतचे मोदक आले. का? तर मी तेव्हा कुंडलिकेच्या काठी, रोह्याजवळच्या एका रिसॉर्टात, परक्यांसाठी उकडीचे मोदक वळत होते म्हणून. मी तिथली स्वयंपाकीण. पाहुणे फोटो काढत म्हणायचे, "वॉव, हँडमेड!" हँड माझेच होते. घरी मात्र नवरा बाजारातून डबा आणायचा, सासूबाई तो देवापुढे उघडायच्या आणि मी कामावरून आले की माझ्याकडे अशा बघायच्या, जसा काय देवाच्या तोंडचा घास मीच पळवलाय.

गणपतीत सुट्टी फक्त परमनंट लोकांना. मी कंत्राटी. म्हणून नवीन मॅनेजर साहेब आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांना सांगून टाकलं, "साहेब, मला परमनंट करा. दुसरं काय मागत नाय, गणपती ते गौरी विसर्जन मला माझ्या घरी असू दे." साहेब म्हणाले, "डिसेंबरात कंपनीचा मोठा ग्रुप येतोय. तो खूश होऊन गेला की तुमचं काम झालं समजा." मी समजले.

साहेब शहरातून हॉटेलचं शिकून आलेले. त्यांच्या मते लोकांना आता एसी नको, संस्कृती पाहिजे. मग काय विचारता! दारावर 'अतिथी देवो भव'ची पाटी लागली. अंगणात फायबरचं वृंदावन आलं, त्यात प्लास्टिकची तुळस, आणि माळीकाकांना रोज तिच्यावरची धूळ पुसायचं काम. आम्हा बायकांना शिवलेल्या नऊवाऱ्या मिळाल्या. आपल्या ड्रेसवरूनच पायजम्यासारखी चढवायची आणि कमरेला वेलक्रो दाबायचा. शिवाय फर्मान निघालं, की पाहुण्यांशी बोलताना गावाकडचं वाटेल असं 'गो' लावायचं. वॉचमनने एका मिशाळ साहेबाला "या गो, बसा गो" म्हटलं, तेव्हा ते फर्मान गुपचूप मागे गेलं.

कंपनीच्या ग्रुपसाठी साहेबांनी बेत काढला: दुपारी 'कोकणी गणपती अनुभव' आणि सांजेला पोपटी. पोपटी म्हणजे आमच्याकडची थंडीतली चैन. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी भरायची, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करायचा. दोन्ही गोष्टी झकास, पण एका दिवशी? मी म्हटलं, "साहेब, गणपती आणि कोंबडी एकत्र बसत नायत." ते हसले. "अहो, खरा गणपती थोडीच आहे? डेकोरेशन आहे. नुसती अ‍ॅक्शन करायची."

माझं माहेर पेणचं, भावाचा मूर्तींचा कारखाना. भाद्रपदात न खपलेल्या मूर्ती तिथे फळीवर पुढच्या वर्षाची वाट बघत बसतात. त्यातली एक आणायला साहेबांच्या गाडीतून गेलो. भावाने विचारलं, "आता डिसेंबरात हा कोणाकडं बसतोय गो?" मी म्हटलं, "बसत कुठं नाय. नाटकात काम मिळालंय त्याला." परत येताना गडब गावाच्या पुढेमागे हायवेला खड्डेच खड्डे. साहेब पुढे बसून फोनवर, आणि मी मागे मूर्ती मांडीवर घट्ट धरून.

ग्रुप आला. आम्ही वेलक्रो दाबून दारात ओवाळलं. मांडवात पुजारी म्हणून माळीकाकांना बसवलं, कारण त्यांचे केस पांढरे आणि धोतर त्यांचं स्वतःचं. साहेबांनी त्यांना पुन्हा बजावलं, "काका, नुसती अ‍ॅक्शन."

काकांनी आचमन केलं. मूर्तीच्या छातीला दूर्वा लावून डोळे मिटले आणि घरी दरवर्षी म्हणतात ते सगळं म्हटलं, एक अक्षर न गाळता. आरती सुरू झाली तशा आम्ही बायकाही विसरलो की आपण नाटकात आहोत. भांडी घासणारी माझी मैत्रीण तर डोळ्याला पदर लावून गात होती. मी केलेले मोदक काकांनी पाणी फिरवून देवाला दाखवले. पाहुण्यांनी नाटक संपल्यासारख्या टाळ्या वाजवल्या. नैवेद्याला टाळ्या! जाऊ दे.

चारच्या सुमाराला साहेब स्वयंपाकघरात आले. वालाच्या शेंगा निवडलेल्या, पाला धुतलेला, मडकी तयार. कोंबडी फ्रीजात जशीच्या तशी.

"मसाला लावला नाही अजून?"

मैत्रीण हात पुसत म्हणाली, "देव बसलाय घरात. आज कोंबडी नाय."

"अहो, तो डेकोरेशन आहे!"

"दुपारपर्यंत व्हता," मी म्हटलं. "आता नाय. काकांनी प्राण घातले त्याच्यात."

साहेब काकांवर धावून गेले. काका धूळ पुसायचं फडकं खांद्यावर टाकून उभे. म्हणाले, "खोटी पूजा कशी करत्यात ती मला येत नाय, साहेब. जी येते ती केली."

"ठीक आहे, मग मूर्ती स्टोअररूममध्ये ठेवा. वरून चादर टाका."

"जेवू घातलेल्या पाव्हण्याला अडगळीत टाकू? दारावर काय लिवलंय तुमच्या?" काकांनी विचारलं.

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. बाहेर पन्नासेक माणसं पोपटीच्या नावाने हात चोळत बसलेली. ग्रुप उपाशी गेला असता तर माझं परमनंट गेलं चुलीत, आणि पुढच्या भाद्रपदात पुन्हा तो बाजारचा डबा. पण हात काही त्या कोंबडीला लागेना. मग मीच म्हटलं, "साहेब, एकच वाट हाय. पाव्हण्याला मानाने निरोप द्या. आत्ताच."

दीड दिवसाचा, पाच दिवसांचा आम्ही ऐकला होता. हा अर्ध्या दिवसाचा. काकांनी उत्तरपूजा केली, दहीपोहे दिले, आणि आम्ही निघालो नदीकडे. पाहुणे मागे आले. "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणताना एक बाई हमसून रडल्या. त्यांच्या घरी म्हणे सासरे गेल्यापासून गणपती बसतच नाही. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू. परत येऊन आम्ही जाळ पेटवला. पोपटी अशी उतरली, की पाहुण्यांनी बोटं चाटली.

सकाळी ग्रुप तारीफ करत गेला आणि साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पाहुण्यांना निरोपाचं ओवाळून मी तशीच गेले, नऊवारीतच. साहेब खुशीत होते.

"अभिनंदन! तुम्ही परमनंट. काल लोक रडले, पाहिलंत ना? आता हेच आपलं पॅकेज. बसवायचा, बुडवायचा, मग पोपटी. दर शनिवारी!"

दर शनिवारी देव बुडवायचा, कोंबडीची वेळ झाली म्हणून. गिळलं मी ते. माझा जीव दुसरीकडे अडकला होता. "आणि गणपतीतली सुट्टी?"

ते मोठ्याने हसले. "गणपतीत? तेव्हा तर फुल बुकिंग! तुम्हीच नसलात तर खरं काय राहिलं इथे? कोणालाही सोडेन, तुम्हाला नाही."

म्हणजे परमनंट झाले, ती कायमची घराबाहेर राहायला.

"बरं," मी म्हटलं. "मग असं करू, साहेब. भाद्रपदात मी तुमच्या गणपतीपाशी थांबते. तुम्ही माझ्या घरी जा. सासूबाई वाट बघत असतात. मोदक वळता येत नसले तरी घाबरू नका, नुसती अ‍ॅक्शन करा."

मी कमरेचा वेलक्रो ओढला, नऊवारी उतरवली आणि घडी घालून त्यांच्या टेबलावर ठेवली. आतला ड्रेस माझा स्वतःचा होता, त्यातच घरी गेले.