अर्धा क्षण आधी

आमच्या नाटक मंडळीतल्या प्रॉम्प्टरला सगळे ‘कुजबुज’ म्हणत. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोच्याही तोंडातून गेलं असावं, डबा घेऊन आली की तीही विचारायची, “कुजबुज आत आहेत का?”

तीस वर्षं तो डाव्या विंगेत एका डुगडुगत्या स्टुलावर बसला. मांडीवर वही, कानामागे पेन्सिल, चालू ओळीखाली बोट. टाळ्या पडल्या की आम्ही वाकायचो, तो पान उलटायचा. त्याचं म्हणणं असं, की नट अडखळल्यावर शब्द दिला तर प्रेक्षकांना कळतं, म्हणून तो अडखळण्याआधी द्यायचा. नटाच्या श्वासावरून त्याला ते समजायचं, आईला तान्ह्याचं कळावं तसं.

मी तेव्हा बासष्टचा. निवृत्त हेडमास्तरांची भूमिका करायचो. दुसऱ्या अंकात सलग दोन पानांचं भाषण होतं आणि माझ्या पाठांतराचा मला भारी तोरा होता. कोणी वाक्य विसरलं की सगळ्यांदेखत त्याची बिनपाण्याने करायचो.

एके दिवशी दुपारी चारचा प्रयोग होता. एक वाजता कुजबुज रंगपटात आला. गळ्याला मफलर आणि तोंडातून नुसती हवा. घसा पार बसला होता. मी म्हटलं, चला, तुझ्या घरच्यांना तेवढाच आराम. तो हसला नाही. दाराला कडी घातली आणि एका कागदावर लिहिलं, ‘आज तुझं कसं होणार?’

माझं काय व्हायचंय, मी विचारलं. त्यानं लिहिलं, ‘दुसरा अंक म्हणून दाखव.’

आरशासमोर उभा राहून मी ऐटीत सुरुवात केली. तिसऱ्या वाक्याला समोर काहीच नव्हतं. पायरी आहे समजून पाय टाकावा आणि तो खाली जातच राहावा, तसं झालं. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. पुन्हा तिथंच.

मग त्यानं सावकाश लिहिलं. आठ महिने हे चाललं होतं. तो अर्धा क्षण आधी शब्द द्यायचा आणि मला वाटायचं, आपल्यालाच आठवला.

“आणि हे मला तू आज सांगतोस?”

‘सांगवलं नाही,’ त्यानं लिहिलं. खाली आणखी एक ओळ लिहिली. ‘मला ती दोस्ती वाटली. खरं तर घाबरलो होतो, इतकंच.’

मी त्याच्या काखेतली नाटकाची वही हिसकावून घेतली आणि घोकायला बसलो. पहिला परिच्छेद बसला की दुसरा निसटायचा, दुसरा धरला की पहिला. तळहाताच्या घामानं पानं ओली झाली. बाहेर खुर्च्या मांडल्याचे आवाज येत होते. माझी मुलगी पहिल्या रांगेत बसणार होती. सवा दोन वाजले. कुजबुजनं कागद पुढे केला, ‘बाईंना सांग.’ बाई म्हणजे आमच्या दिग्दर्शिका.

मी त्याचे हात धरले. आजचा एक प्रयोग निभावून नेतो म्हणालो, तीस वर्षांच्या दोस्तीची शपथ घातली. त्यानं एक हात सोडवून घेतला आणि लिहिलं, ‘तीनपर्यंत तू सांग. नाहीतर मी सांगतो.’

तू माझा कोणी नाहीस, असं मी त्याला बोललो. ते शब्द मात्र बरोबर आठवले. त्याचे डोळे भरून आले, पण त्यानं घड्याळावरची नजर काढली नाही.

तीनला पाच कमी असताना तो उठला. कडीला हात लावला तेव्हा कडी वाजत होती, इतका त्याचा हात कापत होता. चांगुलपणा मी रंगमंचावर पुष्कळ केला होता, लेखकानं लिहून दिलेला, ठाम आवाजातला. असा कापणारा कधी पाहिला नव्हता. मला स्वतःचीच लाज वाटली.

“थांब,” मी म्हटलं. “माझा आवाज आहे अजून. मी सांगतो.”

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग नाटकातल्या धाकट्या भावाचं काम करणाऱ्याला माझा कोट घालायला सांगितलं. विंगेत उभं राहून ऐकून ऐकून त्याला माझी भूमिका अर्धीअधिक पाठ झाली होती. त्याची चार वाक्यं मॅनेजरच्या गळ्यात पडली. शेवटी त्यांनी कुजबुजच्या मफलरकडे पाहिलं. “आणि प्रॉम्प्टिंग कोण करणार?”

डाव्या विंगेत दुसरं स्टूल आलं. बोट त्याचं, आवाज माझा. तिकडं उजेडात एक माणूस आपला एकेक शब्द उचलत चालला होता आणि त्याचा तोल माझ्या जिभेवर होता. हा बिचारा तीस वर्षं रोज असाच बसला होता, आणि गेले आठ महिने तर केवळ माझ्यासाठी.

दोन पानांचं भाषण सुरू झालं. मध्येच कुजबुजचं कोपर माझ्या बरगडीत बसलं. नट अडखळेल असं मला काहीच जाणवलं नव्हतं, तरी मी बोटाखालचा शब्द दिला. नटानं तो आपलाच असल्यासारखा उचलला आणि पुढे गेला.

टाळ्या पडल्या. सवयीनं मी उठायला लागलो. कुजबुजनं शर्ट ओढून मला खाली बसवलं आणि पान उलटलं.